निवारा केंद्रातून म्हातारा टेरियर घरी आणलेल्यांनी अनुभव लिहावेत

लहान चणीचे टेरियर बहुधा १२ ते १५ वर्षे जगतात, त्यामुळे आठ-नऊ वर्षांच्या कुत्र्याबरोबरही चांगला सहवास मिळू शकतो. तरीही केंद्रात लोक पिल्लांपाशी थांबतात आणि पांढऱ्या तोंडाचा टेरियर मागे राहतो. ‘वयामुळेच असेल’ असे म्हणून सोडून दिलेल्या लक्षणामागे प्रत्यक्षात काय निघाले, हे ज्यांनी अनुभवले आहे त्यांनी कृपया सविस्तर लिहावे.

*

आमची जॅक रसेल जातीची टेरियर कुत्री ‘चिडकी, तोंडाजवळ हात नेऊ नका’ अशा शेऱ्यासह आली. ती खाण्याचा एक दाणा उचलायची, मान तिरकी करून एकाच बाजूने चावू पाहायची आणि दाणा खाली टाकून भांड्याकडे नुसती पाहत राहायची. पशुवैद्यांनी ओठ वर केला तेव्हा मागच्या दाढा किटणाने झाकल्या होत्या आणि हिरड्यांतून पू येत होता. वय पाहता भूल देण्याची आम्हांला भीती वाटत होती. पण रक्ताची तपासणी करून, यकृत, मूत्रपिंडे आणि हृदय ठीक असल्याची खात्री झाल्यावरच त्यांनी सडलेले दात काढले. जखमा भरल्यानंतर ती भिजवलेले अन्न चाटूनपुसून खाऊ लागली आणि गालावरून हात फिरवला तर डोळे मिटून घेऊ लागली. स्वभावाचा दोष म्हणून नोंदलेली गोष्ट निव्वळ वेदना होती, याचे मला आजही वाईट वाटते.

*

यॉर्कशायर टेरियरसाठी एवढेच सांगेन की गळ्यातल्या पट्ट्याऐवजी छातीवरचा हार्नेस वापरावा. या जातीत श्वासनलिका दबण्याचा त्रास बराच आढळतो. आमचा कुत्रा पट्टा ताणला की बदकासारखा खोकायचा. हार्नेस आणि थोडे वजन कमी करणे यांनी तो खोकला पुष्कळ आटोक्यात आला.

*

आमच्या टेरियरच्या डोळ्यांवर निळसर झाक होती म्हणून ‘दिसत नाही’ असे आम्हांला सांगितले गेले होते. तपासणीत ती मोतीबिंदूची नव्हे, तर वयाबरोबर डोळ्यातले भिंग घट्ट होण्याची निघाली, ज्यात नजर बरीचशी शाबूत राहते. मात्र टेरियरमध्ये भिंग जागेवरून सरकण्याचा आनुवंशिक विकारही असतो. डोळा अचानक लाल झाला, कुत्रा तो मिटून धरू लागला, तर सकाळची वाट पाहू नये. काही तासांचा उशीरही दृष्टी घालवू शकतो.

ऐकू मात्र खरोखरच कमी येत होते. उंदीर-घुशींच्या मागे बिळात शिरण्यासाठी घडवलेली ही जात. म्हातारपणी कान गेले तरी ती ओढ जात नाही. झुडपात काही हलले की तो धावतो आणि हाक त्याच्यापर्यंत पोहोचत नाही, म्हणून कुंपण नसलेल्या जागी आम्ही लांब दोरी कधीही सोडत नाही. हाताच्या खुणा तो झपाट्याने शिकला. या वयात कुत्रे नवे काही शिकत नाही, हे मला अजिबात मान्य नाही.

*

वर दातांबद्दल वाचले, त्याला जोडून लिहितो. आमची कुत्री रात्री येरझाऱ्या घालायची, भिंतीकडे तोंड करून उभी राहायची. वार्धक्यातला स्मृतिभ्रंश कुत्र्यांनाही होतो, पण ते निदान करण्याआधी पशुवैद्यांनी सांधेदुखी, मूत्रमार्गाचा संसर्ग आणि रक्तदाब तपासला. संधिवात निघाला, त्यावर औषध सुरू झाले आणि येरझाऱ्या निम्म्यावर आल्या. उरलेल्या गोंधळासाठी रात्री मंद दिवा लावतो, सामानाची जागा बदलत नाही आणि घसरड्या फरशीवर सतरंज्या अंथरतो. पाणी पिणे एकाएकी वाढले तर तेही लगेच कळवा, असे आम्हांला बजावले आहे. मूत्रपिंडाचा विकार, मधुमेह आणि कुशिंग (शरीरात कॉर्टिसॉल हे संप्रेरक जास्त होण्याचा विकार) यांची सुरुवात अशी होऊ शकते. म्हणून तिचे पाणी मापाच्या भांड्याने भरतो आणि रात्री किती उरले ते लिहून ठेवतो.