अनुभव धागा: समुद्राजवळचं छोटं हॉटेल आणि पायी जाण्याइतकं जवळ उत्तम जेवण (नाशिककरांसाठी)

धागाकर्ती, गंगापूर रोड

ब्रह्मगिरीपासून अरबी समुद्र जेमतेम ऐंशी किलोमीटर. गोदावरी मात्र त्याच्याकडे पाठ करून पार बंगालच्या उपसागराला जाते. त्र्यंबकच्याच डोंगरांतून निघणारी वैतरणा पश्चिमेची वाट धरते, आणि गेली सात-आठ वर्षं आम्ही दोघंही तिच्याच बाजूने उतरतो.

आम्ही शोधतो ते एवढंच: आठ-दहा खोल्यांचं साधं, स्वच्छ हॉटेल आणि तिथून चालत जाता येईल असं एखादं ठिकाण, जिथे स्वयंपाक विचार करून केलेला असतो. सगळं एका छताखाली देणारी मोठी रिसॉर्टं करून झाली. बुफेत पनीर माखनी, हाका नूडल्स आणि कोपऱ्यात गार पडलेली सुरमई. राहणं एकाच्या हातात आणि जेवण दुसऱ्याच्या, असं असलं की दोन्ही चांगलं होतं, हे माझं आता पक्कं मत आहे.

मागच्या कोजागिरीला बोर्डीला गेलो. त्र्यंबक, मोखाडा, जव्हार, चारोटी, डहाणू, असा दीडशे किलोमीटरच्या आसपासचा रस्ता. हॉटेल चिकूच्या वाडीत, पुढे सुरूची झाडं, त्यापुढे किनारा. मालकीणबाईंनी आल्या आल्या ताटलीत चिकू ठेवले. डहाणू-घोलवडच्या चिकूला भौगोलिक मानांकन आहे हे वाचलेलं होतं, पण झाडावरून उतरवून नीट पिकू दिलेला चिकू जिभेवर कसा रवाळ विरघळतो ते तिथे कळलं. रात्री दहा मिनिटं चालत एका पारशी कुटुंबाच्या जुन्या घरात जेवलो. सहाच टेबलं, आदल्या दिवशी सांगावं लागतं. पात्रा नी मच्छी आली, केळीचं पान दोऱ्याने बांधलेलं. दोरा सोडला आणि कोथिंबीर-खोबऱ्याच्या वाफेने चष्माच धुरकटला.

एकच हुरहुर राहिली. संध्याकाळी सूर्यास्ताला गेलो तर समुद्र जागेवर नव्हता. नुसता ओला चिखल, पाणी पार क्षितिजाशी. तुमचे अनुभव सविस्तर लिहा, चुकलेलेही. हॉटेलचं नाव नाही दिलंत तरी चालेल, गावाचं द्या.

जुने नाशिक

ताई, तुम्ही पौर्णिमेला गेलात म्हणून तसं झालं. माझं आजोळ अलिबागकडचं, मामा लहानपणी हिशेब शिकवायचे: तिथीची पाऊणपट करा, तेवढ्या वाजता भरती. शुद्ध असो की वद्य. अष्टमी असेल तर आठाचे पाऊण सहा, म्हणजे सकाळ-संध्याकाळ सहाच्या सुमारास पूर्ण भरती. पौर्णिमा-अमावास्येला पंधराचे पाऊण सव्वाअकरा. त्यानंतर सहा तासांनी ओहोटी, म्हणजे नेमकी सूर्यास्तालाच. अर्धा-पाऊण तास मागेपुढे होतो, उत्तरेकडे जरा जास्त. बोर्डी-डहाणूचा किनारा उथळ, त्यामुळे पाणी फारच लांब जातं.

सूर्यास्ताला पाणी जवळ हवं असेल तर सप्तमी ते नवमी बघून खोली घ्या. त्या दिवसांत भांगाची भरती असते, उधाणाइतकी उंच नाही, पण लहान मुलं सोबत असली तर तीच बरी. आम्ही आजही आधी कालनिर्णय बघतो आणि मग बुकिंग करतो.

इंदिरानगर

आमचा अनुभव उदवाड्याचा. पेठ, कपराडा, वापी करत गेलो. पारशी समाजाचं इराणशाह आतश बेहराम, म्हणजे त्यांचं पवित्र अग्निमंदिर, १७४२ पासून या गावात आहे. आपल्याला आत प्रवेश नाही आणि त्याचं वाईट वाटून घ्यायचं कारण नाही. बाहेरच्या गल्ल्यांतून सकाळी फिरलं तरी चंदनाचा वास येतो.

हॉटेल जुनं, उंच छताचं, लाकडी जिन्याचं. समुद्र इथे पोहायचा नाही. लाटांनी किनारा खाल्लाय, धक्का बांधलाय. खोलीत पडून ऐकायचा. जेवण मात्र सोहळा! वेळ ठरलेली आणि ती पाळायची. तळलेली बोय आली तेव्हा माझ्या मुलीने विचारलं, काट्याचमच्याने खायची का? वाढणारे आजोबा म्हणाले, "दीकरा, मच्छी हाथ थी." मग साली बोटी, शेवटी लगन नु कस्टर्ड, वरून खरपूस, आत जायफळ-वेलचीचा वास. थंडीत गेलात तर पहाटे दूधना पफ विकायला येतात, रात्रभर दवात ठेवलेल्या दुधाचा फेस. उन्ह चढलं की संपतात, म्हणून साडेसहाला उठाच.

गुजरातेत दारूबंदी आहे. गाडीत बाटली असेल तर घरी ठेवून निघा.

सिडको

चुकलेलंही लिहा म्हणालात म्हणून लिहिते. अलिबागच्या बाजूला, लग्नाच्या दहाव्या वाढदिवसाला. जाहिरातीत "सी फेसिंग" आणि "उत्तम रेस्टॉरंट पाच मिनिटांवर". खिडकी उघडली तर समोर जनरेटर. समुद्र गच्चीवर चढल्यावर दोन माडांच्या मधून दिसत होता. पाच मिनिटं म्हणजे गाडीने, आणि आम्ही गाडी आणलीच नव्हती, भाऊच्या धक्क्यावरून बोटीने मांडव्याला उतरलो होतो. आठनंतर रिक्षा नाही. अंधारात मोबाईलच्या उजेडात पाऊण तास चाललो. पोहोचलो तर शेवटची ऑर्डर साडेनऊला बंद झालेली. मी त्या दारात साडी नेसून उभी होते आणि मला खरंच रडू आलं. आतल्या एका मुलाने मालकाला न विचारता आम्हाला आमटी-भात आणि तळलेले बोंबील दिले, तो पोरगा सुखात राहो.

तेव्हापासून फोनवर नुसतं "जवळ आहे का" असं विचारत नाही. "रात्री नऊला बाईमाणूस एकटी चालत जाऊन परत येऊ शकेल का?" असं विचारते. उत्तर द्यायला समोरचा किती थांबतो त्यावरून सगळं कळतं.

पंचवटी

छोटीशी सूचना. महाराष्ट्रात १ जून ते ३१ जुलै यांत्रिक मासेमारीला बंदी असते, माशांच्या विणीचा काळ. त्या दोन महिन्यांत "ताजं पापलेट" म्हणून जे येतं ते बहुतेक बर्फातलं. पावसाळी समुद्र बघायला जरूर जा, पण तेव्हा खाडीतलं मागा, नाहीतर सुका जवळा, सुके बोंबील. आमच्याकडे मासळीसाठी बेत नारळी पौर्णिमेनंतरच ठरतो.

दिंडोरी

मी द्राक्ष बागायतदार. बारा वर्षांपासून वाइनरीला शेनिन ब्लांक ही पांढऱ्या वाइनची द्राक्षं देतो. ब्रिक्स, म्हणजे रसातली साखर, मोजायची, पहाटे गार असताना तोडणी करायची, क्रेट भरायचे, गाडी रवाना. माल कारखान्यात गेला की आमचा संबंध संपतो.

दोन वर्षांपूर्वी ओझरहून विमानाने गोव्याला गेलो. सहा खोल्यांचं हॉटेल, पुढे वाळू. जवळच्या जुन्या पोर्तुगीज घरात सात पदार्थांचं ठरलेलं जेवण होतं, ताटं एकामागून एक येतात. मंडळींनी हट्ट केला म्हणून गेलो. इतके पैसे एका जेवणाला द्यायचे म्हणजे माझ्या मनाला टोचत होतं. वाइनच्या यादीत पहिल्याच पानावर नाशिकची शेनिन. तीच मागवली. सोबत रेशाद मसाल्यातला बांगडा आला, व्हिनेगर आणि लाल मिरचीचा झणका. वर गार वाइनचा घोट घेतला आणि फळाचा गोडवा त्या तिखटावर अलगद बसला. वाढणाऱ्या मुलीला सांगितलं की ही द्राक्षं आमच्याकडची. ती आत जाऊन शेफला घेऊन आली. त्याने छाटणी कधी करता, पाणी कधी तोडता, सगळं उभ्याने विचारून घेतलं. माझ्या मालाबद्दल इतकं कुणी पहिल्यांदाच विचारत होतं.

पैसे वसूल झाले का, हे बायको अजून विचारते. मी हो म्हणतो.

महात्मानगर

आम्ही शाकाहारी, तर आमचंही नोंदवा. दिवेआगरला सुपारीच्या वाडीत राहिलो. शेजारच्या घरी सांगून केलेलं जेवण: बिरड्याची उसळ, फणसाची भाजी, सोलकढी, उकडीचे मोदक, वर घरचं तूप. मोदक आधी सांगावे लागतात, तेही संख्येसह. आम्ही माणशी तीन सांगितले, पाच सांगायला हवे होते.

ओझर

काचेचे ग्लास आणि पांढरे टेबलक्लॉथ म्हणजेच फाइन डायनिंग असं धरून इथे कुणी लिहीत नाहीये हे बघून बरं वाटलं. दापोलीजवळ हर्णैला एका छोट्या लॉजवर होतो, समोर सुवर्णदुर्ग. तिथे संध्याकाळी बंदरात लिलाव असतो. होड्या लागतात, मासळीचे ढीग वाळूवर पडतात आणि कोळणी व व्यापारी भराभर बोली लावतात. ज्या खानावळीत रात्री जेवायचं ठरवलं होतं तिचे मालक तिथेच भेटले. सुरमईचे कल्ले उघडून दाखवले, लालभडक. बोटाने मांस दाबलं, खळगा लगेच भरून आला. "खळगा राहिला तर मी घेत नाही," म्हणाले. रात्री तोच मासा आमच्या पानात होता. मीठ, हळद, आगळ, तांदळाचं पीठ, तवा. दुसरं काही नाही. काय घालायचं नाही हे ज्याला कळतं त्याच्या हातचं जेवण मी फाइन मानतो, मग ताट स्टीलचं का असेना.

नाशिक रोड

उशिरा लिहितोय. बाबा नोटा छापणाऱ्या प्रेसमधून निवृत्त झाले, आयुष्यभर नोटा तपासल्या. चार वर्षांपूर्वी पक्षाघात झाला, उजवी बाजू गेली, बोलणंही. आई म्हणाली, त्यांना एकदा समुद्र दाखव. मंगला एक्सप्रेस नाशिक रोडहून थेट रत्नागिरीला जाते, म्हणून गणपतीपुळ्याची बाजू ठरवली. फोनवर एकच विचारलं: तळमजल्याची खोली आहे का, आणि दाराला पायऱ्या किती. बाकी हॉटेलांनी "अ‍ॅडजस्ट होईल" म्हटलं. एका बाईंनी "थांबा, मोजून सांगते" म्हटलं. तिथेच गेलो.

तीन पायऱ्या होत्या. आम्ही पोहोचेपर्यंत त्यांवर फळी टाकलेली होती. वाळूत चाकं रुतली, तेव्हा त्यांच्या मुलाने आणि माळ्याने बाबांना प्लॅस्टिकच्या खुर्चीत बसवून पाण्यापर्यंत नेलं. लाट पायांवरून गेली तसा बाबांनी डावा पाय आपणहून पुढे केला. आई काहीच बोलली नाही, त्यांच्या पॅंटच्या घड्या वर करत राहिली.

रात्री शंभर-दीडशे पावलांवरच्या रेस्टॉरंटमध्ये गेलो. मंद दिवे, मोजकी टेबलं, आजूबाजूला मुंबईची मंडळी. मला धाकधूक होती, कारण बाबांच्या तोंडातून घास सांडतो. वाढणाऱ्या काकांनी आम्हाला कोपऱ्यातलं टेबल दिलं नाही, समुद्राकडचं दिलं. सुरमई आणली तेव्हा बाबांची ताटली बाजूला घेऊन दोन चमच्यांनी काटा न् काटा काढला, मऊ भातात कालवून, रस्सा घालून पुढे ठेवली. त्यांना हे कुणी सांगितलेलं नव्हतं. बाबांनी डाव्या हाताने सोलकढीचा ग्लास उचलला आणि पिण्याआधी दिव्यासमोर धरून निरखून पाहिला. नोट अशीच धरायचे.

धागाकर्ती, गंगापूर रोड

दादा, माझ्या सासूबाईंना वॉकर लागतो. डिसेंबरात नेऊ म्हणतेय. ती फळी त्यांच्याकडे कायमची असते की तुमच्यासाठी केली होती?

नाशिक रोड

आमच्यासाठी केली होती, ताई. जुन्या दाराची फळी होती, कडीची भोकं तशीच होती. निघताना त्या म्हणाल्या, आता ती काढणार नाही. डिसेंबरात शुद्ध अष्टमीच्या आसपास जा, वर जुन्या नाशिकच्या काकांनी सांगितलंय तसं, म्हणजे संध्याकाळी सासूबाईंना पाण्यापर्यंत फार चालावं लागणार नाही.