गव्हावरचा तांबेरा: एफ२ (संकराची दुसरी पिढी) मध्ये प्रतिकारक-रोगट प्रमाण १३:३ आलं, म्हणजे दोन जनुकं धरायची का?

रोपपैदास_एमएस्सी
आग्रा लोकल (तांबेऱ्याला बळी पडणारा वाण) × प्रतिकारक वाण असा संकर. पानावरच्या तांबेऱ्याच्या बुरशीचा ७७-५ हा प्रकार वापरून एफ२ ची १९२ रोपं तपासली: १६३ प्रतिकारक, २९ रोगट. काय-वर्ग (अपेक्षित प्रमाणापासूनचा फरक मोजणारी चाचणी, आकडा लहान तितका मेळ चांगला) ३:१ ला, म्हणजे एका जनुकाला, १०.०३, १३:३ ला १.६८. एक प्रभावी (एका प्रतीनेही दिसणारं) आणि एक अप्रभावी (दोन्ही प्रती लागणारं) जनुक असं प्रबंधात लिहू का? की आधी आग्रा लोकलशी बॅकक्रॉस (पहिल्या संकरित पिढीचा पालकाशी पुन्हा संकर) करू?

गेरवा७७
गणित बरोबर आहे, निष्कर्ष घाईचा आहे. ३:१ धरलं तर ४८ रोगट हवी होती, १९ कमी पडली. रोगट कमी दिसली की पहिला संशय जनुकावर नाही, लागणीवर घ्यायचा. फवारणीनंतर पानावरची ओल पुरेसा वेळ टिकली नाही तर बीजाणूची नळी पर्णरंध्रात शिरण्याआधीच सुकते, आणि रोप फुकटात 'प्रतिकारक' ठरतं.

प्रतिकारक पालकावर बारीक ठिपके (नोंदीची खूण ;) येत असतील तर तेच बघा. एफ२ मधलं पान ठिपक्याशिवाय कोरं (०) असेल तर ते रोप बहुधा निसटलेलं. त्याच्या दुसऱ्या पानावर पुन्हा लागण करा. प्रत्येक ट्रेच्या मध्यात आणि कोपऱ्यांत आग्रा लोकल होता ना? त्यातलं एक जरी स्वच्छ राहिलं असेल तर तो ट्रे मोजू नका.

बॅकक्रॉसचा इथे उपयोग नाही. एक प्रभावी असो की एक प्रभावी-एक अप्रभावी, दोन्हीकडे १:१ च येणार. पहिली पिढी (एफ१) ही दोन्हीकडे प्रतिकारकच.

ओंबी_आणि_कूस
उत्तर एफ३ कुटुंबांत (एफ२ च्या एकेका रोपाच्या संततीत) आहे. सगळी १९२ कुटुंबं लावा, निवडून नाही. एक जनुक असेल तर पूर्ण प्रतिकारक : मिश्र : पूर्ण रोगट ४८:९६:४८, दोन असतील तर ८४:९६:१२. मिश्र दोन्हीकडे निम्मीच, त्यामुळे लक्ष पूर्ण रोगटांवर ठेवा. काही मिश्र कुटुंबांत १ प्रतिकारक : ३ रोगट दिसलं, तर अप्रभावी जनुकाचा खरा पुरावा मिळाला.

दर कुटुंबाची २५ रोपं घ्या. १३:३ चं कुटुंब २५ रोपांत एकही रोगट न दाखवण्याची शक्यता अर्ध्या टक्क्याच्या आसपास आहे. १० रोपांवर भागवलंत तर ती साडेबारा टक्के होते.

हमखास होणारी चूक: नोंद झाल्यावर एफ२ ची रोगट रोपं तशीच सोडतात. ती मरतात किंवा दाणा सुरकुततो, मग पूर्ण रोगट कुटुंबं आपोआप घटतात आणि एक जनुक असूनही आकडे दोन जनुकांकडे झुकतात. नोंद होताच प्रोपिकोनाझोल २५ ईसी हे बुरशीनाशक, लिटरला १ मिली फवारा.

रोपपैदास_एमएस्सी
समजलं. पण याच वाणात शेतात प्रौढ झाडांवर तांबेरा उशिरा आणि कमी येतो. तेही याच जनुकांमुळे?

गेरवा७७
गरज नाही. एलआर३४ सारखं, प्रौढ झाडात तांबेरा रोखणारं जनुक रोपावस्थेत नेहमीच्या तापमानाला जवळजवळ दिसतच नाही, त्यामुळे तुमच्या १३:३ मध्ये त्याचा हिशेब नाही. ध्वजपानाचं (ओंबीखालच्या शेवटच्या पानाचं) टोक सुकतं का बघा, आणि सीएसएलव्ही३४ हा डीएनए मार्कर लावा: १५० बेस-जोड्यांची पट्टी आली तर जनुक आहे, २२९ ची आली तर नाही.