शनिवार-रविवार मोकळे असणारे १२ स्वयंसेवक आणि ८ जि.प. शाळा: ऑफलाइन सर्व्हरची कामं कशी वाटायची?

गुंजवणीकाठ

नमस्कार. आमची छोटी नोंदणीकृत संस्था आहे. पुण्यात नोकरी करणारे १२ स्वयंसेवक, बहुतेकांना फक्त शनिवार-रविवार मोकळा. वेल्हे आणि भोर भागातल्या ८ जिल्हा परिषद शाळांत इंटरनेटशिवाय चालणारा शैक्षणिक सर्व्हर बसवायचा आहे. काही शाळांत रेंज अजिबात नाही, काहींत पडवीच्या एका टोकाला कशीबशी येते.

ठरवलेला संच असा: रास्पबेरी पाय ४ हा तळहाताएवढा संगणक (४ जीबी), त्यावर कोलिब्री (इंटरनेटशिवाय धडे दाखवणारं सॉफ्टवेअर), साठवणीला २५६ जीबीची एसएसडी, साधा वाय-फाय राउटर आणि प्रत्येक शाळेला १० टॅब. निधी हातात आहे.

विचारायचं आहे ते असं. १२ जणांत कामं कशी वाटावीत? बसवून आल्यावर नेमकं काय बंद पडतं? परवानग्या आणि कागद कोणते? मुलांचं शिकणं चालू राहावं अशी रचना हवी आहे. फोटो काढून परत येणारे आम्ही नाही.

केंद्रशाळा

कामं वाटण्याआधी वेळेचा प्रश्न सोडवा. शनिवारी शाळा सकाळची असते आणि दुपारच्या आत सुटते. पुण्याहून न्याहारी करून निघालेला माणूस घाट उतरून पोचेपर्यंत मुलं घरी गेलेली असतात, रविवारी तर कुलूपच. म्हणजे तुमचे १२ जण सहा महिने येत राहिले तरी भरलेला वर्ग त्यांना दिसणार नाही आणि वर्गात तो संच कसा वापरला जातो हे कळणार नाही. शुक्रवारी मुक्कामाला या, नाहीतर प्रत्येकाने वर्षात तीन-चार कामाचे दिवस रजा टाकायची तयारी ठेवा.

वर्षाची आखणी अशी बसते: वायरिंग आणि सर्व्हरची पेटी बसवणं दिवाळीच्या सुट्टीत, शिक्षकांचं प्रशिक्षण शाळा उघडल्यावर, प्रत्यक्ष वापर डिसेंबर ते मार्च. पावसाळ्यात त्या भागात नवीन काम काढू नका. एप्रिल परीक्षांचा.

आणि आठही शाळा एकदम घेऊ नका. पहिल्या वर्षी एकाच केंद्रातल्या (जवळच्या शाळांच्या गटातल्या) तीन. एका केंद्रातले शिक्षक दर महिन्याच्या शिक्षण परिषदेत भेटतात, तिथे एका शाळेची अडचण दुसरी शाळा सोडवते. विखुरलेल्या आठ शाळांत हे होत नाही आणि प्रत्येक फोन पुण्यालाच येतो.

१२ जणांची वाटणी: दोघे वीज आणि जोडणी, दोघे सर्व्हर, तिघे आशय निवडून तपासायला, एक जण कागदपत्रं आणि हिशोब. उरलेले चार जण पालक-स्वयंसेवक, म्हणजे शाळांची जबाबदारी घेणारे. यांना तंत्र कमी आलं तरी चालेल, पण बाईंचा किंवा सरांचा फोन त्याच दिवशी उचलता आला पाहिजे. संस्थांचा ओढा बसवण्याच्या कामाकडे असतो, कारण ते दिसतं. पेटी चालू राहते ती या चौघांवर. त्यामुळे सगळ्यात भरवशाची माणसं इथे द्या, उरलेली नव्हे.

कागदांपैकी तीन टाळू नका. गटशिक्षणाधिकाऱ्यांची लेखी परवानगी. शाळा व्यवस्थापन समितीचा ठराव (शिक्षण हक्क कायदा २००९ नुसार या समितीत तीन चतुर्थांश पालक असतात, म्हणजे गावाची संमतीही त्यातच आली). आणि वस्तू शाळेला कायमच्या दिल्याचं हस्तांतरण पत्र, अनुक्रमांकांसह, म्हणजे मुख्याध्यापकांना डेड स्टॉक रजिस्टरला (शाळेच्या वस्तूंच्या नोंदवहीत) नोंद करता येते. 'संस्थेची मालमत्ता, शाळेकडे वापरासाठी' असं लिहिलंत की काही फुटलं तर भरपाई कोण देणार या धास्तीने टॅब कपाटात जातात. घसारा आणि तुटफूट संस्थेच्या हिशोबात धरली आहे, हे वाक्य त्या पत्रात स्पष्ट हवं.

बदल्या होतात, म्हणून एका शाळेत किमान दोन शिक्षक तयार करा. सोबत सहावीतली दोन मुलं. सातवीतली घेतलीत तर मे महिन्यात शाळा सोडून जातात. चौथीपर्यंतचीच शाळा असेल तर गावातलं कॉलेजला जाणारं एखादं पोर किंवा अंगणवाडीताई बघा.

तांब्याची_तार

विजेबद्दल लिहितो, कारण अशा संचांत बोर्ड क्वचित जातो, जातात अडॅप्टर आणि केबली.

पाहणीला जाताना मल्टिमीटर न्या. आधी मीटर चालू आहे का ते बघा. बिल थकून वीज तोडलेल्या शाळा कमी नाहीत, आणि वर्षाचं बिल कोण भरणार हे ठरलेलं नसेल तर पुढचं सगळं वाया. मग सॉकेट तपासा: फेज-न्यूट्रल २३० च्या आसपास, फेज-अर्थही तितकंच, न्यूट्रल-अर्थ दोन-तीन व्होल्टच्या आत. फेज-अर्थ ४०-५० किंवा असंच तरंगतं काही दिसलं तर अर्थिंग नावापुरतं आहे. तिथे लोखंडी पेटी बसवू नका, आधी अर्थिंगचा खड्डा करून घ्या. पेटीच्या लाइनला ६ अँपिअरचा एमसीबी (भार जास्त झाला की लाइन तोडणारा) आणि ३० मिलीअँपिअरचा आरसीसीबी (करंट गळला की लाइन तोडणारा) वेगळा. मुलं अनवाणी असतात, पावसाळ्यात फरशी ओली असते. यात काटकसर नको.

गावाकडे न्यूट्रल तुटला की सिंगल फेजवर ३०० च्या वर व्होल्टेज चढतं. साधा स्पाइक गार्ड याला काही करत नाही. ओव्हर-अंडर व्होल्टेज प्रोटेक्टर लावा, जो मर्यादेबाहेर गेल्यावर लाइन तोडतो आणि वीज स्थिर झाल्यावर दोन-तीन मिनिटांनी जोडतो.

बॅकअपचा हिशोब: पाय, एसएसडी आणि राउटर मिळून साधारण १२ वॅट धरा. १२ व्होल्ट ७ एएचच्या (अँपिअर-तासांच्या) बंद लेड-अॅसिड बॅटरीत ८४ वॅट-तास असतात, त्यातले निम्मेच वापरायचे, म्हणजे ४२. कन्व्हर्टरमधली घट धरून तीन तास मिळतात. भारनियमनाला पुरतं. टॅबचं चार्जिंग मात्र या बॅटरीवर चुकूनही नाही. १० टॅब म्हणजे १०० वॅट, बॅटरी अर्ध्या तासात बसते.

पाय ४ ला ३ अँपिअरचा, त्याच कंपनीचा अडॅप्टर द्या. त्यावर ५.१ व्होल्ट येतात आणि तो वरचा ०.१ कामाचा असतो. मोबाइलचा चार्जर लांब, बारीक केबलने लावला की भार आल्यावर बोर्डापाशी व्होल्टेज ४.६३ च्या खाली उतरतं, बोर्ड स्वतःचा वेग कमी करतो आणि एसएसडी मध्येच सुटते. बाहेरून दिसतं एवढंच की 'व्हिडिओ अडकतोय'. मग सगळे राउटर बदलत बसतात.

वायर उघडी सोडू नका, उंदीर कुरतडतात. पीव्हीसी पट्टीत बंद करा. पेटीच्या झरोक्यांना बारीक जाळी लावा, उबेला पाली येऊन बसतात.

पायथॉन_आणि_पिठलं

सर्व्हरचा एक बिघाड नीट समजून घ्या, कारण तो हमखास येतो. कोलिब्रीचा डेटा एसएसडीवर आहे आणि प्रणाली (ऑपरेटिंग सिस्टीम) एसडी कार्डवर. वीज येते, पाय सुरू होतो, पण एसएसडी जागी व्हायला पाच-सात सेकंद जास्त घेते. तोवर कोलिब्री सुरू झालेलं असतं. त्याला डेटाची जागा रिकामी दिसते, मग ते एसडी कार्डावरच नवा कोरा डेटा तयार करतं आणि पडद्यावर 'नवीन सुविधा तयार करा' हे पहिलं पान येतं. बाई बघतात, सगळं पुसलं गेलं असं समजून प्रामाणिकपणे नव्याने नावं भरतात. दुसऱ्या दिवशी एसएसडी वेळेत जोडली जाते आणि कालची नावं गायब. दोनदा असं झालं की त्या संचावरचा विश्वासच उडतो.

उपाय: एफएसटॅबमध्ये (कोणती ड्राइव्ह कुठे जोडायची त्या यादीत) ड्राइव्ह यूयूआयडीने (तिच्या ओळखक्रमांकाने) जोडा. सिस्टमडीमध्ये (लिनक्समध्ये सेवा सुरू करणाऱ्या यंत्रणेत) कोलिब्रीच्या सेवेला अट घाला की ड्राइव्ह माउंट झाल्याशिवाय (जोडली गेल्याशिवाय) सुरू व्हायचंच नाही. आणि ड्राइव्ह जोडलेली नसताना ते रिकामं फोल्डर लिहिता न येणारं करून ठेवा. एसएसडी ईएक्सटी४ या लिनक्सच्या फाइल रचनेतच फॉरमॅट करा. हे झालं की रास्पी-कॉन्फिग या पायच्या सेटिंगच्या साधनातून ओव्हरले फाइल सिस्टीम चालू करा, म्हणजे एसडी कार्डावर काही लिहिलंच जात नाही आणि वीज गेल्याने ते खराब होण्याची भीती जवळजवळ संपते. प्रणालीत बदल करताना ओव्हरले बंद करायला विसरलात तर रीस्टार्टनंतर केलेलं काम नाहीसं होतं, हे पेटीच्या झाकणाच्या आतल्या बाजूला लिहून चिकटवा.

पाय ४ ला स्वतःचं घड्याळ नाही. इंटरनेट नसल्यामुळे वेळ मागे राहते आणि कोणत्या मुलाने कधी काय सोडवलं याच्या नोंदी निरुपयोगी होतात. डीएस३२३१ हे घड्याळाचं छोटं मॉड्यूल लावा.

वाय-फाय पायचं वापरू नका, दहा टॅबना ते पुरत नाही. राउटर वेगळा, पाय त्याला लॅन केबलने जोडलेला, राउटरमध्येच पायचा पत्ता कायमचा राखून ठेवलेला. पाहुण्यांच्या नेटवर्कवर टॅब जोडू नका, तिथे एक यंत्र दुसऱ्याला दिसत नाही. टॅबमध्ये सिम नको. सिम असलं की अँड्रॉइड 'या वाय-फायला इंटरनेट नाही' म्हणून गुपचूप मोबाइल डेटावर जातो आणि सर्व्हर सापडेनासा होतो. सर्व्हरचा पत्ता होम स्क्रीनवर शॉर्टकट म्हणून ठेवा, भिंतीवर क्यूआर कोड लावा.

दर तीन शाळांमागे एक राखीव पिशवी केंद्रशाळेत ठेवा: तयार केलेलं एसडी कार्ड, पायचा अडॅप्टर, राउटरचा अडॅप्टर, दोन लॅन केबली. यावर बरेचसे बिघाड त्याच दिवशी निघतात.

गोष्टीवेल्हाळ

आशयाच्या गटासाठी. 'सगळं टाकू, लागेल ते बघतील' हे करू नका. कोलिब्रीत चॅनेलमधले (आशयाच्या संग्रहातले) हवे तेवढेच विषय निवडता येतात. पहिल्या सत्रात प्रत्येक इयत्तेला दोन विषय, पाठ्यपुस्तकाच्या धड्यांच्या क्रमाने. शिक्षकाला 'अपूर्णांक' शोधायला चारपेक्षा जास्त वेळा बोट लावावं लागलं तर तो वर्गात परत उघडणार नाही.

मराठीत काय आहे? प्रथम बुक्सच्या स्टोरीविव्हरवरच्या गोष्टी आहेत. मुक्त परवान्याच्या आहेत, त्यामुळे छापूनही देता येतात. फेट या संकेतस्थळावरच्या बऱ्याच विज्ञान-गणित सिम्युलेशनचं मराठी भाषांतर झालेलं आहे, एकेक एचटीएमएल फाइल इंटरनेटशिवाय उघडते. किविक्सवर (इंटरनेटशिवाय विकिपीडिया वाचायच्या सॉफ्टवेअरवर) मराठी विकिपीडिया आहे. दीक्षा या सरकारी शैक्षणिक पोर्टलवर पाठ्यपुस्तकातल्या क्यूआर कोडला जोडलेला आशय आहे, पण त्यात प्रत्येक घटकाचा परवाना वेगळा दिलेला असतो, तो बघूनच घ्या. बालभारतीची पुस्तकं ई-बालभारतीवरून पीडीएफ स्वरूपात मोफत मिळतात, तरी हक्क पाठ्यपुस्तक मंडळाचे आहेत, म्हणून सर्व्हरवर ठेवायला पत्र देऊन परवानगी मागा. यूट्यूबवरून उतरवलेले व्हिडिओ नकोत, ते कितीही चांगले असोत. उद्या कोणी तक्रार केली तर उत्तर मुख्याध्यापकांना द्यावं लागतं.

तुमच्या भागात कातकरी आणि महादेव कोळी वस्त्यांतली मुलं असतील. कातकरी मुलांची घरची बोली पुस्तकी मराठीहून बरीच लांब आहे. पहिली-दुसरीला व्हिडिओपेक्षा वाचून दाखवलेल्या गोष्टी द्या. गावातल्या एखाद्या बाईच्या आवाजात तीच गोष्ट त्यांच्या बोलीत मोबाइलवर ध्वनिमुद्रित करा आणि कोलिब्री स्टुडिओतून (आशय चढवायच्या कोलिब्रीच्या संकेतस्थळावरून) संस्थेच्या चॅनेलमध्ये टाका. शहरात बसलेल्या स्वयंसेवकाला करता येण्याजोगं यापेक्षा मोलाचं काम या सगळ्यात दुसरं नाही.

आशय पुण्यात एकदाच उतरवा, ड्राइव्हवर निर्यात करा आणि शाळेत त्यावरून आयात करा. त्या ड्राइव्हवर कोलिब्री जे फोल्डर बनवतं त्याचं नाव बदलू नका, बदललं की ते ओळखलं जात नाही.

मुलांची खाती हजेरी क्रमांकावरून बनवा, पूर्ण नाव आणि जन्मतारीख लागत नाही. डेटा संरक्षणाच्या २०२३ च्या कायद्यात १८ वर्षांखालचं प्रत्येक मूल येतं आणि पालकांची संमती लागते. देणगीदारांना पाठवायच्या फोटोंनाही हीच शिस्त लावा.

गुंजवणीकाठ

मनापासून आभार. शनिवारच्या सकाळच्या शाळेचा विचारच केला नव्हता. एक कंपनी जुने लॅपटॉप देऊ करते आहे, एसएसडी आणि ८ जीबी रॅम असलेले. पायऐवजी ते सर्व्हर म्हणून चालतील का? आणि मे महिन्यात सगळ्या सामानाचं काय करायचं?

पायथॉन_आणि_पिठलं

चालतील, आणि तीन शाळांपुरते तर मी पायऐवजी तेच घेईन. बॅटरी अंगचीच, घड्याळ अंगचं, पडदा आहे म्हणून फोनवर 'काय दिसतंय वाचा' असं विचारता येतं. विंडोज काढून डेबियन (मोफत लिनक्स प्रणाली) टाका. झाकण मिटल्यावर झोपणार नाही अशी सेटिंग करा, बायोसमध्ये वीज आल्यावर आपोआप सुरू होण्याची सोय असेल तर ती चालू करा. बॅटरी निदान पाऊण तास टिकते का ते पुण्यातच मोजा. राउटरला वेगळा १२ व्होल्टचा मिनी यूपीएस लागेल. एकच धोका आहे: लॅपटॉप दिसला की तो शाळेच्या ऑनलाइन माहिती भरायच्या कामाला जातो. शक्य झालं तर त्यासाठी शाळेला दुसरा लॅपटॉप द्या.

तांब्याची_तार

मेसाठी: टॅब निम्मे चार्ज करून पूर्ण बंद करा. शंभर टक्क्यांवर ठेवून पत्र्याच्या खोलीत महिनाभर तापले की बॅटऱ्या फुगतात. शून्यावर ठेवले तर जूनमध्ये उठत नाहीत. लाकडी पेटी, सिलिका जेलच्या पुड्या, दोन टॅबमध्ये पुठ्ठा, आणि पेटी जमिनीवर न ठेवता फळीवर. लेड-अॅसिड बॅटरीचं उलटं आहे, ती पूर्ण चार्ज करूनच तारा सोडवायच्या. वळवाच्या विजा पडतात, म्हणून प्लग काढलेले हवेत, नुसतं बटण बंद पुरत नाही.

चावी कोणाकडे आहे ते रजिस्टरला लिहा. जूनमध्ये मुलं येण्याआधी पालक-स्वयंसेवकाने एक फेरी मारायची: सॉकेट परत मीटरने तपासायचं, बॅटरी फुगून पाठ उचललेला टॅब बाजूला काढायचा. तो चार्जला लावायचा नाही, दाबून बसवायचा नाही, ई-कचरा गोळा करणाऱ्यांकडे द्यायचा आणि डेड स्टॉकमधून तो कमी करण्याचं पत्र त्याच दिवशी मुख्याध्यापकांना द्यायचं.