सीझियम आयोडाइड स्फटिकाचं सिग्नल-पीक घसरलंय : स्फटिक आयन बीमनं भाजला की दमट झाला?

वाशी_खाडीपूल
थॅलियमयुक्त सीझियम आयोडाइड (आयन आदळला की प्रकाश पाडणारा डिटेक्टर स्फटिक), १० मिमी जाड, मागे पीएमटी (तो प्रकाश विद्युत सिग्नलमध्ये बदलणारी नळी). समोर १ मिमीचा कॉलिमेटर (बीम अरुंद करणारं छिद्र), सेकंदाला साधारण ५ हजार आयन. ८० एमईव्ही (एमईव्ही, केईव्ही ही ऊर्जेची एककं) ऑक्सिजन आयनचं पीक (सिग्नलच्या आलेखातलं शिखर) आठ तासांत हळूहळू १२ टक्के खाली आलं. सीझियम-१३७ या गॅमा स्रोताचं ६६२ केईव्हीचं पीक मात्र जागेवर. पाऊस सुरू झाल्यापासून दमटपणाचाही संशय आहे. पॉलिश करून भागेल का?

घोडबंदरकर
गॅमा सगळ्या स्फटिकात प्रकाश पाडतो, तुमचा ऑक्सिजन पहिल्या १०० मायक्रॉनच्या आतच थांबतो. तेव्हा पृष्ठभागच बिघडलाय. हिशेब करा : आठ तासांत १४.४ कोटी आयन एका मिलिमीटरच्या ठिपक्यावर, म्हणजे दर चौरस सेंमीला १८ अब्ज. त्या पातळ थरातला डोस काही किलोग्रेमध्ये (ग्रे हे शोषलेल्या किरणोत्साराचं एकक) जातो. (बर्क्सचं क्वेंचिंग, म्हणजे जड आयन मुळातच कमी प्रकाश पाडतात ते, यात आणू नका, ते पहिल्या पल्सपासूनच असतं, वाढत जात नाही.)

दमटपणा वेगळा काढायला अमेरिशियम-२४१ (अल्फा कण सोडणारा स्रोत) घ्या. आधी ठिपक्यावर, मग बीम न लागलेल्या दोन कोपऱ्यांवर. फक्त ठिपक्यावरचं पीक पडलं तर दोष बीमचा. कोपऱ्यांवरचंही पडलं तर ओल. स्रोताचं अंतर मात्र तंतोतंत तेच ठेवा. अल्फा हवेत दर मिमीला ०.०९ एमईव्ही गमावतो, त्यामुळे मिलिमीटरभर चुकलात की दीड टक्का गेलाच.

खारघर_सेक्टर१२
एक शंका. सीझियमचं पीक बीम बंद करून पाहिलंत ना? मग पीएमटीचा गेन (सिग्नल किती पट वाढवतो ते) आयनांच्या जास्त दरात सरकत असेल तर ते त्यात कसं दिसणार? बीम चालू असताना एलईडी पल्सर (ठरलेल्या प्रकाशाचे झटके देणारा दिवा) टाका. शिवाय अमेरिशियमचा अल्फा २५-३० मायक्रॉनच पाहतो. खालच्या थराची खराबी त्यातून सुटते.

घोडबंदरकर
पल्सरचं बरोबर, तो आधी.

बीमचाच दोष निघाला तर पॉलिश. १२०० ग्रिटचा पॉलिश पेपर आयसोप्रोपिल अल्कोहोलनं ओला करून ०.२ मिमी उतरवा, मायक्रोमीटरनं मोजत. मग कापडावर ०.३ मायक्रॉन अ‍ॅल्युमिना. पाणी अजिबात नको, स्फटिक विरघळतो. कोरडं घासू नका : थॅलियम विषारी आहे, धूळ उडते. हातमोजे हवेतच. हे सगळं सिलिका जेल ठेवलेल्या ग्लोव्हबॉक्समध्ये (हातमोजे जोडलेली बंद पेटी). जूनमधल्या वाशीच्या हवेत पॉलिश टिकणार नाही. पुढच्या रनला दर शिफ्टला स्फटिक २ मिमी सरकवा.

खारघर_सेक्टर१२
आणि ओल निघाली तर सुकवायला स्फटिक पीएमटीला चिकटवलेलाच ओव्हनमध्ये ठेवू नका. स्फटिकाचं काही भलं होईल न होईल, फोटोकॅथोड (पीएमटीचा प्रकाश टिपणारा थर) नक्की जाईल.