मदत हवी आहे: पहिल्या अपिलाचा लेखी आदेशच मिळाला नाही, दुसरे अपील कसे करू?

आमच्या गावच्या नळपाणी योजनेची बिले आणि मोजमाप पुस्तिकेच्या (झालेल्या कामाची मापे नोंदवलेली वही) प्रती मिळाव्यात म्हणून 10 मार्चला ग्रामपंचायतीत माहिती अधिकाराचा अर्ज दिला. 10 रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावला होता, विषय एकच, पोचही आहे. 30 दिवसांत उत्तर नाही, म्हणून 15 एप्रिलला पंचायत समितीत पहिले अपील केले. 12 मेला सुनावणी झाली. ‘15 दिवसांत माहिती द्या’ असे साहेब तोंडी म्हणाले, हजेरीपत्रकावर माझी सही घेतली. लेखी आदेश मात्र आजतागायत नाही. दोन स्मरणपत्रे दिली, त्यांच्या पोचा जपून ठेवल्या आहेत.

पाइपलाइन झाली, पाणी येत नाही. बायाबापड्या अजून विहिरीवर जातात. त्यामुळे हे सोडायचे नाही.

माहिती अधिकार कायद्याच्या कलम 19(3) प्रमाणे दुसऱ्या अपिलाला 90 दिवस मिळतात. ते सुनावणीपासून मोजायचे, की पहिल्या अपिलाच्या निर्णयाची 45 दिवसांची कमाल मुदत संपल्यापासून? कलम 18 ची तक्रार आयोगाकडे केली तर अधिकाऱ्याला दंड होऊ शकतो, पण कागद हाती येत नाहीत असे वाचले आहे, आणि मला आधी कागद हवेत. वकील परवडणार नाही. आदेशाची प्रत नसताना राज्य माहिती आयोगाकडे कुणी अपील दाखल केले आहे का, आणि प्रतीच्या जागी काय जोडले?