मदत हवी आहे: इंडिपेंडंट डायरेक्टर व्हायला नक्की कुठली परीक्षा द्यायची?

नमस्कार मंडळी, मी फोंड्याचा, मागच्या वर्षी बँकेतून रिटायर झालो, शेवटची सहा वर्षं ब्रँच मॅनेजर होतो. तर झालंय असं की आमच्या भावोजींची बेतोड्याला पॅकेजिंगची फॅक्टरी आहे, कंपनी पब्लिक लिमिटेड पण शेअर बाजारात वगैरे नाही, आणि यंदा ऑडिट झाल्यावर सीएने सांगितलं की टर्नओव्हर 100 कोटींवर गेला, आता बोर्डावर किमान दोन इंडिपेंडंट डायरेक्टर (म्हणजे तटस्थ संचालक) घ्यावेच लागतील. चवथीला सगळे जमलेले, नेवऱ्या खाता खाता भावोजी म्हणाले बाहेरचा माणूस कशाला, तूच ये. ताई स्वतः पण डायरेक्टर आहे, तिने तर गणपतीवरच्या माटोळीखाली उभं राहूनच पक्कं करून टाकलं.

आता माझा गोंधळ. पुतण्या इंग्लंडात स्विंडनला असतो, तो म्हणतो काका लंडनच्या इन्स्टिट्यूट ऑफ डायरेक्टर्सचं चार्टर्ड डायरेक्टर करा, आधी सर्टिफिकेट मग डिप्लोमा मग चार्टर्ड, जगात नाव आहे. इथे एका खाजगी क्लासवाल्याचा रोज फोन, तीन दिवसांचा कोर्स करा, 68 हजार भरा, वर बोर्डावर लावून देतो म्हणे! आणि सीए म्हणतो मानेसरच्या आयआयसीएची (केंद्र सरकारची कंपनी कारभाराची संस्था) ऑनलाइन परीक्षा. यातलं कायद्याने कुठलं लागतं? बँकेतल्या 31 वर्षांची काही सूट मिळते का? वय 61, पाठांतर आता होत नाही हो.

पाटोवरचा सीएस (कंपनी सेक्रेटरी):
क्लासवाल्याचा नंबर ब्लॉक करा आधी. कायद्याला लागते ती आयआयसीएची डेटाबँक, म्हणजे इंडिपेंडंट डायरेक्टरांची नोंदयादी, डिसेंबर 2019 पासून. त्यात फी भरून नाव घालायचं आणि नाव घातल्यापासून दोन वर्षांत परीक्षा पास व्हायचं, म्हणजे नेमणुकीआधीच पास पाहिजे असं नाही. 50 प्रश्न, 75 मिनिटं, पासिंग 50 टक्के (आधी 60 होतं), कितीही वेळा देता येते. लंडनचं चार्टर्ड चांगलंच आहे पण ते हौसेचं, इथे त्याने ही परीक्षा चुकत नाही. सूट आहे ती लिस्टेड (शेअर बाजारातल्या) किंवा मोठ्या पब्लिक कंपनीत तीन वर्षं डायरेक्टर, सीएफओ (वित्तप्रमुख) असं पद सांभाळलेल्यांना, किंवा दहा वर्षं प्रॅक्टिस केलेले वकील, सीए, सीएस यांना. ब्रँच मॅनेजर त्यात बसत नाही.

पण भाऊ, खरी गोची वेगळीच आहे. ताई डायरेक्टर आहे ना? कंपनी कायद्याचं कलम 149(6) बघा, प्रमोटर (कंपनी उभी करणारा, चालवणारा मालक) किंवा डायरेक्टरचा नातेवाईक इंडिपेंडंट होऊ शकत नाही, आणि नातेवाइकांच्या यादीत भाऊ-बहीण सरळ लिहिलेत. गंमत म्हणजे मेहुणा त्या यादीत नाही, त्यामुळे नुसते भावोजी असते तर वाद घालता आला असता. ताईमुळे तुम्ही बाद.

मडगावची मामी:
मी गेल्या पावसात दिली, घरी बसून, कॅमेरा चालू ठेवून. कंपनी कायदा, सेबीचे नियम आणि थोडं अकाउंट्स असतं, तुम्ही बँकवाले, अकाउंट्स तर बसल्या बसल्या कराल. फक्त इन्व्हर्टर चार्ज करून बसा, आमच्याकडे ऐन परीक्षेत वीज गेली.

मूळ प्रश्नकर्ता:
अरे देवा. म्हणजे पास झालो तरी बेतोडा नाहीच! सीएस साहेब, बरं झालं विचारलं, मी भावोजींना उद्याच फॉर्म भरतो म्हणून सांगून बसलेलो. परीक्षा मात्र देणार, कुंडईला ओळखीच्या दोन कंपन्या आहेत, त्यांना पण लागणारच की कोणीतरी. आता फक्त सांगा, मीच डायरेक्टरपदाचा राजीनामा देते असं ताईने भावोजींना सुचवायच्या आत तिला हे कसं समजावू, कारण ती सुचवणार, मी ओळखतो तिला.

पाटोवरचा सीएस:
राजीनामा देऊन पण भागणार नाही. भावोजींबरोबर ती प्रमोटर असेल, तर बहीण ती बहीणच.