फौज की पदवी?

मुलाला शिपाई म्हणून भरती व्हायचंय, मग पदवीचं काय, असं तुम्ही विचारलंत. त्यावर वर एकांनी लिहिलंय की बारावीनंतर एकतर कॉलेज नाहीतर फौज, दोन्ही जमत नाही. अहो, खडकवासल्याला एनडीएत, म्हणजे अधिकारी घडवणाऱ्या राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीत, तीन वर्षं काढणाऱ्या कॅडेटला दिल्लीच्या जेएनयू विद्यापीठाची पदवी मिळतेच की! पण ते मोजक्यांचं झालं. तुमचा मुलगा शिपाई व्हायचं म्हणतोय, तर त्याचं सांगतो.

माझा धाकटा भाऊ बारावीवर भरती झाला आणि इग्नू या मुक्त विद्यापीठातून घरबसल्या शिकतात तसं बीए केलं. तीन वर्षांचा कोर्स, सहा वर्षांपर्यंत मुभा असते, आणि त्याला पाच लागली. पुस्तकं पोस्टाने युनिटवर यायची. रात्री गार्ड ड्यूटी संपली की बराकीत ट्रंकेवर कागद ठेवून स्वाध्याय लिहायचा. तेही हाताने, कोपऱ्यांना रायफलच्या तेलाचे डाग. जूनची परीक्षा हुकली तर डिसेंबरची. एकदा बदलीच्या गडबडीत दोन्ही हुकल्या, वर्ष गेलं. खरी अडचण अभ्यासाची नसतेच, परीक्षेच्या तारखेला सुट्टी मिळण्याची असते.

मुलगा अजून कॉलेजात असेल तर मात्र घाई करू देऊ नका. एनसीसी घ्यायला लावा. एनसीसीचं सगळ्यात वरचं ‘सी’ सर्टिफिकेट किमान बी ग्रेडने आणि पदवीला ५० टक्के असतील, तर सैन्यात अधिकारी होण्यासाठी लेखी परीक्षा द्यावी लागत नाही, अर्जाच्या छाननीतून निवड झाली की थेट एसएसबीला, म्हणजे सैन्याच्या निवड मंडळाच्या मुलाखतीला, बोलावणं येतं. वयोमर्यादा १९ ते २५. मुलींनाही ही वाट खुली आहे. आमच्याकडे हे कुणाला ठाऊकच नव्हतं.

तो कुठल्या वर्षाला आहे?